चोवीस मीटर पिंजलेला कापूस

१२ नोव्हेंबर २०१८. हुस्नबानू नदाफने श्यामसुंदरशेठच्या गल्ल्यापुढे १०,८८० रुपये मोजले आणि कापसाच्या वॅडिंगची चोवीस मीटरची गुंडाळी रिक्षात घातली. वॅडिंग म्हणजे गोधडीच्या दोन कापडांमध्ये घालायचा तयार थर, कांबळ्यासारखा सपाट आणि दाबलेला. भाव मीटरला ४८०. कमी पडलेले ६४० शेठनी वहीत लिहून घेतले.

पसंती शकूताई पोकळ्यांची होती. धायरीतल्या त्यांच्या बचत गटाने एका रिसॉर्टसाठी गोधड्यांच्या वरच्या बाजूचे बारा पदर तुकडे जोडून शिवले होते. मंडईमागच्या आपल्या दुकानात हुस्नबानूने त्यांच्यापुढे तीन नमुने ठेवले.

"हे पॉलिस्टर, मीटरला एकशेदहा. हलकं, पण घाम काढतं. हे मिश्र, दोनशे नव्वद. आणि हा निव्वळ कापूस."

"शिलाई?"

"चौरस फुटाला बावीस. तुमची गोधडी पस्तीस फुटांची, म्हणजे सातशे सत्तर."

"अगं बाई! आमच्या सासूबाई फुकट शिवायच्या."

"मग त्यांनाच द्या की."

"त्या वर गेल्या. तिथं कुरिअर जात नाय." शकूताईंनी कापसावर बोट ठेवलं आणि सहा हजारांची उचल काढून दिली. "हेच घाला. सोमवारी माल पायजे. पसंत पडला तर अजून शंभर गोधड्या हायत."

शंभर गोधड्या म्हणजे वर्षाचं काम. गोधडीचे थर नक्षीत शिवणारं लांब हाताचं मशीन नवरा चांद गेल्यावर हुस्नबानूने बांगड्या मोडून घेतलं होतं, तेही जुनं. दोन महिने ते झाकूनच होतं. मांजरी गावच्या एका गादीवाल्याने ते विकत मागितलं होतं; तिने त्याला सोमवारपर्यंत थांबायला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती पदर आणायला धायरीला गेली. दुपारी परतली तर मागच्या खोलीत कापूस पिंजायच्या यंत्राची घरघर चालू होती. यंत्र सासऱ्यांचं. अकबरभाईंनी पन्नास वर्षं त्याच्यावर कापूस पिंजला होता, पण आता महिन्याला एखादी गादी आली तर आली. हुस्नबानूने आत पाहिलं. उडालेल्या कापसाने अकबरभाईंच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. त्यांच्यामागे छातीइतका ढीग होता. गुंडाळीचं नुसतं प्लास्टिक कोपऱ्यात पडलं होतं.

"बानू, शेठने तुला फसवलं गं," अकबरभाई म्हणाले. "पार दाबून टाकलेला माल. असा कापूस आपल्या घरातून कधी गेला नाही. सकाळपासून पिंजतोय. हात घालून बघ."

तिने हात घातला. इतका मऊ कापूस तिने बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. तिला रडू आलं. अकबरभाईंना वाटलं, काम आवडलं.

ती तशीच शेठकडे गेली. "अजून एक गुंडाळी द्या, शेठ. सोमवारी पैसे देते."

"आधीचे सहाशे चाळीस येऊ द्या, वहिनी. उधारीवर हा माल आमच्याकडे मिळत नाही."

"सहा मीटर तरी."

"कात्री धार लावायला दिलीय," शेठ म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

तिने मोकळा कापूस मशीनवर घालून पाहिला. दोन कापडं रुळांवर ताणून बसतात आणि मधला थर सपाट असावा लागतो. हा कापूस घरंगळून एका बाजूला गोळा झाला, सुई त्याच्यात अडकून मोडली. दुसरी सुईही मोडली. मग तिने मशीनवर चादर टाकली.

"अब्बा, मशीन बिघडलंय," ती म्हणाली. "हातानेच भरू या."

म्हाताऱ्याला हुरूप आला. त्यांनी कापूस अंथरायचा, काठीने झोडून सारखा करायचा, तिने टाके घालायचे. पाच दिवसांत तिच्या बोटांना भोकं पडली. "मी म्हटलंच होतं," अकबरभाई दर तासाला म्हणायचे, "मशीनला कापूस कळत नाही." ती मान हलवायची.

सोमवारी बाराही तयार होत्या. मऊ, उबदार, वीतभर फुगलेल्या.

शकूताईंनी एक उलगडली. "ताई, ह्या रजया हायत. मी गोधड्या मागितल्या व्हत्या. मशीनची नक्षी कुठाय?"

हुस्नबानूने मागच्या खोलीकडे पाहिलं. दार उघडं होतं, अकबरभाई ऐकत होते.

"मशीन बिघडलं," ती म्हणाली.

"आज कळलं व्हय तुम्हाला?"

शकूताईंनी गठ्ठा बांधला. उचल परत मागितली नाही, पण शिलाईही दिली नाही. रिसॉर्टने एकही नग ठेवला नाही. शंभर गोधड्यांचं काम कोंढव्याच्या एका कारखान्याला गेलं.

बुधवारी मांजरीचा गादीवाला टेम्पो घेऊन आला. मशीनचे पैसे थकलेल्या भाड्यात आणि चांदच्या आजारपणातल्या देण्यात संपले. रिकाम्या जागेत अकबरभाईंनी खाट टाकली.

"बिघडलेलं गेलं, बरं झालं," ते म्हणाले. "आता कोणी कापूस आणला तर जागा आहे."

"हो, अब्बा."

श्यामसुंदरशेठचे ६४० रुपये अजून द्यायचे आहेत.