उंबऱ्यावरचं गाणं

हौसा मुरबाडजवळच्या एका शाळेत मुलांची खिचडी शिजवते. गेल्या माघात तिच्या डोक्यात एक गाणं शिरलं ते निघेचना. डाळ धुताना तेच, पातेली घासताना तेच.

‘उंबऱ्यावर पाऊल, आई, मागं कशी फिरू...’

तिच्या हळदीला मांडवात एकच कॅसेट दिवसभर वाजली होती, त्यातलं हे गाणं. पहिल्या कडव्यात नवरी आईला विचारते, दुसऱ्यात आई उत्तर देते, एवढं हौसाला आठवत होतं. उत्तर काय, ते मात्र पार पुसलं गेलेलं. हौसाची स्वतःची आई दिवाळीत गेली होती.

लेक मनस्वीनं मोबाइलवर शोधून पाहिलं. “आये, हे गाणं नाय कुठं. दुसरं लावू?”

“दुसरं काय करू गो?”

शेवटी तिनं वाशिंदला राहणाऱ्या दिराला, साईनाथला, फोन लावला. तो एके काळी लग्नात बेंजो वाजवायचा. त्यानं दोन ओळी ऐकल्या आणि लगेच ओळखलं. “ही चंदाची कॅसेट. तेवढी एकच निघाली तिची. आता शहापूरच्या बाजारात सुकी मासळी विकते.”

रविवारी हौसा एसटीनं शहापूरला गेली. बोंबील आणि जवळ्याच्या टोपल्यांमागे पन्नाशीची, आडव्या अंगाची बाई बसली होती. हौसानं आधी जवळा घेतला, मग बिचकत विचारलं, “ताई, तुमी कॅसेटमदी गायलेल्या ना?”

चंदाचा चेहरा उतरला. “कोनी सांगला तुला?”

हौसानं सगळं सांगितलं. चंदानं एका गिऱ्हाइकाशी भावावरून वाद घातला, त्याला घालवलं, आणि मग ती हौसाकडे वळली. “लग्नानंतर सासरी गाणं चालत नव्हतं. मीच ते टाकून दिलं. आठवलं की तरास व्हायचा.”

“राहू दे मग, ताई.”

“बस जरा. आलीयेस तर बस.”

चंदानं गोणपाट सरकवून तिला जागा दिली. पहिलं कडवं ती गुणगुणली. आवाज आता जाड झालेला, घोगरा. दुसऱ्यापाशी अडली. “तवा मी सतरा वर्सांची. आईचं कडवं जमत नव्हतं. मास्तर म्हनायचे, आईसारखी गा. मी कुठं आई होते गो?”

तिनं डोळे मिटले, दोनदा चुकली, आणि मग हळूहळू ओळ आली.

‘मागं फिरू नको बाय, पन वाट मोडू नको...’

“वाट का नातं, ते मातर नक्की नाय,” चंदा म्हणाली.

“वाटच असंल,” हौसा म्हणाली. पदर तोंडाला लावून ती तशीच बसून राहिली. चंदानं तिला पाणी दिलं, आणि समोर आलेल्या बाईला सांगितलं, “थांब जरा, आमचं चाललंय.”

त्यानंतर हौसाच्या डोक्यातलं गाणं थांबलं. आधी बरं वाटलं, मग करमेना. मुद्दाम आठवायला गेली की कॅसेटमधला तो कोवळा आवाज येतच नाही, मासळीच्या टोपल्यांमागचा घोगराच येतो. मनस्वीला ती म्हणाली, “पहिलं होतं ते गेलं वाटतं. पन हे खरं वाटतंय.”

निघताना दोघींनी नंबर घेतले होते; एका संध्याकाळी चंदाचा फोन आला. गाण्याचा विषय निघालाच नाही. गुडघा दुखतोय, तू कोणतं तेल लावतेस, एवढंच तिला विचारायचं होतं. हौसानं तेल सांगितलं, ते कसं कोमट करायचं तेही सांगितलं. तेवढ्यात भात उतू गेला, तरी तिनं फोन ठेवला नाही.