लियांद्रोच्या नावाची शोकधून

पोर्तुगालातल्या आमच्या आल्कारियात बँड दोन, चर्च एक आणि अक्कल सगळ्या गावात मिळून अर्धी. थोरला बँड आणि धाकटा बँड. एके काळी एकच होता म्हणे. मग गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत ख्रिस्ताच्या तिरडीमागं पहिलं कुणी चालायचं यावरून दोघा सख्ख्या भावांत जुंपली आणि गाव उभं चिरलं गेलं. तेव्हापासून थोरल्यातला माणूस धाकट्यातल्याकडं दाढी करत नाही. मी धाकट्यात ट्यूबा, ते भलंमोठं ढाल्या आवाजाचं पितळी वाद्य, वाजवतो आणि चौकात न्हाव्याचं दुकान चालवतो, म्हणजे अर्ध्या गावाची दाढी माझ्या वस्तऱ्याला कधी लागलीच नाही. नाव हर्मेनेजिल्दो, पण एवढं लांब नाव घ्यायला कुणाला सवड आहे? जिल्दो म्हणतात.

बेल्मिरो गाल्यार्दो आमच्या धाकट्याचे मास्तर. धंदा खोगीर शिवायचा. गावातली गाढवं कमी होत गेली तसा धंदाही बसत गेला, पण त्यांना त्याचं काही नव्हतं. लहानपणी एव्होराच्या कॅथेड्रलात गाणाऱ्या पोरांत होते, तिथं जुन्या उस्तादांचं गाणं हाडात मुरलं ते मुरलंच. खोगिरात पेंढा ठासता ठासता सुरू व्हायचे.

"एका मेंदेश गुरुजींच्या हाताखालून तिघं निघाले, जिल्दो. दुआर्ते लोबो, कार्दोझो, मागाल्याएस. आपल्या एव्होरात! मग तो सेइशस. बाप कोइंब्राच्या कॅथेड्रलात ऑर्गन वाजवायचा. बाप मेला आणि चौदा वर्षांचं पोरगं त्याच्या जागी जाऊन बसलं. सातशे रचना केल्या म्हणतात, उरल्या किती? शंभरेक. आणि लिस्बनला भूकंप झाला तेव्हा राजाच्या वाड्यातलं सगळं संगीत जळालं. घरभर कागद! आपल्या देशात उरलं त्यापेक्षा जळालं तेच जास्त."

"मग बोंतेंपो आला. आणि त्याच्यानंतर?" मी मुद्दाम विचारायचो.

"त्याच्यानंतर मी," म्हणायचे, आणि स्वतःच हसायचे. पण ते हसणं काही पुरतं नसायचं.

गुत्त्यात लोकांना तेवढंच निमित्त. मास्तर आत शिरले की कुणीतरी पेला उचलून ओरडायचं, "लोबो, कार्दोझो, सेइशस आणि आमचा खोगीरवाला!" थोरल्या बँडवाले तर त्यांच्या रचनांना सरळ खोगीरभरती म्हणायचे. खोटं कशाला बोलू, होतीच ती खोगीरभरती. आम्ही वाजवायचो, घरी जायचो, सूप प्यायचो आणि विसरायचो.

आमच्याकडे रीत अशी की बँडच्या मास्तरानं दर गुड फ्रायडेला नवी शोकधून द्यायची आणि तिला वर्षभरात गेलेल्या कुणाचं तरी नाव ठेवायचं. मग ती धून त्या घरची. मिरवणुकीत ती सुरू झाली की त्या घरातल्या बायका काळी शाल डोळ्यांवर ओढून रडून घेतात. जिवंत माणसाचं नाव? छे छे. कुणाच्या मनातसुद्धा यायचं नाही.

मास्तरांचा मुलगा लियांद्रो, एकुलता एक. तो बोंबार्दिनो वाजवायचा. ते पोटाशी धरायचं पितळी वाद्य, आवाज भरदार, मायाळू. काय वाजवायचा पोरगा! थोरल्या बँडची पोरं आमच्या तालमीच्या खिडकीखाली येऊन उभी राहायची आणि पकडली गेली की म्हणायची, "आम्ही मुतायला आलो होतो." रोज त्याच भिंतीशी?

त्या हिवाळ्यात बापलेक मागच्या खोलीत दार लावून बसायला लागले. एक दिवस मास्तर माझ्या खुर्चीत येऊन बसले. साबण लावतोय तर गाल थरथरतायत.

"जिल्दो, या वेळी पेंढा नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हे राहील. मी गेलो तरी राहील. सगळी चाल लियांद्रोच्या बोंबार्दिनोला दिलीय. तुम्ही बाकीचे नुसतं खालून धरायचं."

मी म्हटलं, "आम्ही जन्मभर नुसतं खालूनच धरतोय, मास्तर. मान जरा वर करा." पण मला बरं वाटलं. आयुष्यभर ज्याला लोक हसले, त्याला एक तरी गोष्ट सापडावी.

लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीचे उपास सुरू व्हायच्या आधीच लियांद्रोला लष्कराचं बोलावणं आलं. गिनी. आफ्रिकेत आमच्या सरकारनं लढाई मांडली होती. ती कशासाठी, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि विचारायची तर सोयच नव्हती. पोरगं गेलं. त्याची आई फेलिज्मिना बसच्या मागं पाणवठ्यापर्यंत धावत गेली, आणि मास्तर घरी येऊन आमच्यासाठी कागद लिहायला बसले.

गावाकडचे मास्तर सगळ्या वाद्यांचं एकत्र लिखाण करत नाहीत. ज्याचं वाद्य त्याचा कागद, संपलं. मला माझा मिळाला. वर नाव बघितलं. 'लियांद्रो.'

"मास्तर, अहो, हे काय? जिवंत पोराचं नाव?"

"गावातल्या मढ्यांना मी दर वर्षी एकेक धून दिली. एकाचीही लायकी नव्हती, आणि खरं सांगायचं तर धुनांचीही नव्हती. ही चांगली आहे. चांगल्याला माझ्या पोराचंच नाव देणार."

"फेलिज्मिना वहिनींना विचारलंत?"

"नाव आहे ते, जिल्दो. बंदुकीची गोळी नव्हे."

त्या गुड फ्रायडेला आम्ही ती वाजवली. चालीची जागा मोकळी ठेवून! ट्रंपेटवाला म्हणाला, मी वाजवतो. मास्तर म्हणाले, खबरदार. लियांद्रो परत आला की तो वाजवेल, तोवर त्याची जागा त्याचीच. मग काय, तिरडीमागं आमचं चाललंय धब् धब् धब्, ढोल रडतोय, क्लॅरिनेट उसासे टाकतायत, आणि गाणं कुठंच नाही. मास्तर मात्र त्या मोकळ्या जागेला हातवारे करतायत, डोळे मिटून. त्यांना ऐकू येत असणार. फुटपाथवरून थोरल्यातला एकजण ओरडला, "वऱ्हाड तर आलं, नवरदेव कुठाय?" लोक फिदीफिदी हसले.

फेलिज्मिना हसली नाही. नाव सगळ्या गावात फुटलं होतंच. ती मिरवणुकीतून निघाली, घरी गेली आणि दार लावून घेतलं.

ऑलिव्ह झोडपायच्या दिवसांत बातमी आली. सुरुंग. आणि त्यानंतर कितीतरी आठवड्यांनी पेटी आली, शिशानं बंद केलेली. सोबत आलेल्या शिपायांना सांगून ठेवलेलं, उघडायची नाही. फेलिज्मिना त्या पेटीवर हात फिरवत म्हणाली, "आत माझा पोरगा आहे की दगड भरलेत, मी कसं ओळखू? एक बोट तरी दाखवा." शिपायांतला एक लियांद्रोच्याच वयाचा. तो बाहेर जाऊन भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

वाजवणारा माणूस गेला की त्याचा बँड त्याला पोचवतो, तसे आम्ही निघालो. मास्तर पुढं, आणि त्यांच्या पोटाशी लियांद्रोचं बोंबार्दिनो. चकचकीत पुसलेलं. खिशातून लियांद्रोच्या चालीचा कागद डोकावत होता. मी ओळखलं. आज ते स्वतः वाजवणार होते. ती धून एकदा तरी पुरी होणार होती, पोराच्या मातीवर का होईना. तुम्ही म्हणाल, किती दुष्ट माणूस. मला तसं वाटलं नाही. द्यायला त्यांच्याजवळ दुसरं होतं काय?

पेटी खड्ड्यात उतरली. मास्तरांनी वाद्य उचललं, आणि फेलिज्मिना मध्ये आली.

"ती वाजवलीस तर मी या खड्ड्यात उडी घेईन. सगळ्यांसमक्ष सांगते."

"फेलिज्मिना, ही त्याचीच आहे गं. त्यालाच दिलेली."

"दिलेली? तुझ्या या कागदानं माझं पोर खाल्लं! जिवंतपणी तू त्याला मढ्यात मोजलास!"

"असं नसतं, फेलिज्मिना..."

"तूच सांगतोस ना दिवसरात्र, राजाच्या घरभर कागद जळाले म्हणून? देश मेला का? नाही ना मेला? मग हा एक जाऊ दे. टाक तो खाली."

पाद्रीबुवा पुस्तकात बघत राहिले. मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. मी काय करणार होतो? आईपुढं कोण बोलतं? त्यांनी कागद काढला, चार घड्या केल्या आणि खड्ड्यात सोडला. थडगं खणणाऱ्याला ही भानगड लवकर मिटवायची होती, त्यानं लगेच माती लोटली. आम्ही नुसत्या ढोलावर परत आलो.

त्यानंतर बाईनं नवऱ्याशी बोलणं टाकलं. एक शब्द नाही. जेवणाचा निरोपसुद्धा माझ्या दुकानात यायचा. दारात उभी राहून म्हणायची, "जिल्दो, त्यांना सांग, सूप गार होतंय." मास्तर माझ्याच खुर्चीत बसलेले, हाताच्या अंतरावर! मी सांगायचो, "मास्तर, सूप गार होतंय." ते म्हणायचे, "तिला सांग, आलोच." सुरुवातीला गिऱ्हाइकं हसायची. मग हसेनाशी झाली.

मास्तरांनी पुन्हा एक सूर लिहिला नाही. दर वर्षी जुनीच खोगीरभरती वाजायची. एकदा दुकानात कुणी नाही बघून मी म्हटलं, "मास्तर, ती चाल तुमच्या डोक्यात तर आहे. लिहून काढा की. वहिनींना नाही कळणार."

"ती त्याच्याजवळ आहे," म्हणाले.

"अहो, पण राहील म्हणत होतात ना?"

"दाढी कर, जिल्दो."

मी पुन्हा विषय काढला नाही. राजवट पालटली, लढाई संपली, दुसऱ्यांची पोरं परत आली. एकाचा पाय गेला होता, तरी त्याच्या आईनं सगळ्या गल्लीला गोड भात वाटला. त्याच थंडीत मास्तर खोगिराच्या ढिगावर बसल्या बसल्या गेले. सुई हातात होती.

अंत्यविधीच्या सकाळी आम्ही बँडच्या खोलीत जमलो होतो. काय वाजवायचं यावर वाद चाललेला, तेवढ्यात फेलिज्मिना आली. कधी पायरी चढली नव्हती ती आमची.

"ती वाजवा," म्हणाली.

"कोणती, वहिनी?"

"माझ्या लियांद्रोची."

मी तिला बाकावर बसवली. "वहिनी, आमचे कागद आहेत कपाटात. पण चाल त्यात नाही. चाल एकट्या लियांद्रोच्या कागदावर होती, आणि तो तर..."

"माहीत आहे कुठाय तो. मीच टाकायला लावला." तिनं शाल सारखी केली. "चाल मला येते. महिनाभर भिंतीपलीकडून ऐकलीय. रोज संध्याकाळी. मी मुठीनं भिंत बडवायचे, पुरे करा ते मढ्याचं गाणं म्हणून. पोरगा आतून हसायचा आणि आणखी मोठ्यानं वाजवायचा. इतकी वर्षं मी ती मनात येऊच दिली नाही, जिल्दो. आता आठवायला बसले तर येत नाहीये. तुम्ही खालून धरा. तुमचं ऐकलं की येईल. मी म्हणेन, तुमच्यातला एखादा उचलून घ्या. बेल्मिरोला एकदा पुरी ऐकवायचीय. मग माझ्याशी बोलो, न बोलो."

आम्ही कागद काढले. कसर लागली होती, पण वाचता येत होते.

गोरस्थानात थोरल्या बँडची माणसंही आली होती, टोप्या हातात घेऊन. पेटी खाली गेली, लियांद्रोच्या शेजारी. ढोलानं सुरुवात केली, मी धब् धब् धरलं, क्लॅरिनेट आले आणि चालीची जागा आली. फेलिज्मिनानं तोंड उघडलं. ट्रंपेटवाला तिच्या तोंडाकडं टक लावून, उचलायला तयार.

काही आलं नाही. आमचं संपलं.

"थांबा, थांबा. होतं आता. जिभेवर होतं. पुन्हा."

पुन्हा वाजवली. या वेळी तिच्या गळ्यातून दोन-तीन सूर आले, आणि तिनंच मान हलवली. "हे नव्हे. हे अंगाईतलं. हे मी म्हणायचे त्याला." पाद्रीबुवा पुढं झाले, खांद्यावर हात ठेवायला. तिनं तो झटकला. "पुन्हा वाजवा."

तिसऱ्यांदा तिनं डोळे गच्च मिटले आणि मूठ हवेत आपटायला लागली, भिंतीवर आपटावी तशी. क्लॅरिनेटवाल्याला हुंदका आला, त्याचा सूर तुटला. आम्ही थांबलो. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"येईल ना रे, जिल्दो? मी आई आहे त्याची. मला नाही तर कुणाला येईल?"

"येईल, वहिनी," मी म्हटलं आणि ढोलवाल्याला खूण केली. आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.