बटण मी लावलेलं

धाकट्या बहिणीने फोटोंचा डबा टेबलावर उपडा केला आणि टेलरबाई दारातच थांबल्या.

"ये ताई, बस. किती वर्षांनी हात लावतोय आपण ह्यांना."

मुलगा आणि नात आधीच टेबलाशी होते. टेलरबाई बसल्या, पण खुर्चीच्या कडेवर, दात काढून घ्यायला आलेलं माणूस बसतं तशा. त्यांना पक्कं ठाऊक होतं, हे नुसतं फोटो बघणं नव्हतं. ही परीक्षा होती.

झालं होतं असं की मागे त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. गिऱ्हाईक भलं. आरशासमोर उभं राहून म्हणालं, "बाई, माझ्या उजव्या हाताने तुमचं काय वाकडं केलंय?" बाई हसल्या, उसवून दिलं, पण बातमी मुलाच्या कानावर गेलीच. मग जेवताना तो सहज म्हणून विचारायला लागला. आई, आज वार कोणता? आई, दुकानाची किल्ली माझ्याकडे ठेवू का? आणि एकदा तर त्यांनी दाराआडून ऐकलं, तो फोनवर सांगत होता, "मावशी, तू जुने फोटो घेऊन ये. बघू किती जणांना ओळखते. नाही जमलं तर दुकान बंद करायलाच हवं. इस्त्री चालू ठेवून विसरली म्हणजे?"

त्या दिवसापासून बाई जीव मुठीत धरून होत्या. बाह्यांचं एक वेळ जाऊ दे. त्यांच्या डोक्यातून माणसांचे चेहरे जात होते. कापडावरची खडूची रेघ झटकली की जावी, तसे. नाव राही, किस्से राहत, चेहरा तेवढा जाई. दुकानात मात्र त्यांचं काही अडत नसे. दारात माणूस आला की त्या चेहऱ्याकडे बघतच नसत. डावा खांदा उतरता आणि कॉलर घासलेली, म्हणजे पोस्टमन. खिसा नेहमी फाटका, म्हणजे कोपऱ्यावरचा सुतार. अख्ख्या गल्लीच्या अंगावर त्यांच्याच हातची टीप होती. दुकान होतं तोवर माणसं होती.

"ही कोण, सांग," मुलाने पहिला फोटो पुढे सरकवला. आवाज गोड. फार गोड.

फ्रॉकमधली मुलगी. बाईंनी चेहऱ्याकडे पाहिलं. काही नाही. मग नजर खाली घसरली. पांढरी कॉलर, दोन खिसे, त्यातला एक बोटभर खाली.

"खिसे खालीवर झालेत," त्या म्हणाल्या. "मी शिवलेला पहिला फ्रॉक. म्हणजे ही तू, धाकटे. मांजराचं पिल्लू खिशात घालून हिंडायचीस."

"मेलं नाही ना गं ते, आजी?" नातीने विचारलं.

"ते नाही मेलं. खिसा मेला."

सगळे हसले. बाईंच्या पाठीवरचा घाम मात्र हसला नाही. पुढचा फोटो. कोट घातलेला तरतरीत माणूस. "मामा," बाई लगेच म्हणाल्या. "अस्तर कमी पडलं म्हणून खिडकीचा पडदा लावला होता आतून. वाकला की फुलं दिसायची."

"खरंच की," बहीण डोळे पुसत म्हणाली. "लोक मुद्दाम त्याच्यासमोर पैसे पाडायचे."

"आणि हा?" नात खिदळत होती.

पालथं पडलेलं बाळ, मान वर काढलेली. अंगावर सूत नाही.

बाळं तर कपड्यांतसुद्धा एकमेकांसारखी दिसतात. "चष्मा पुसू दे," त्या म्हणाल्या, आणि पुसत राहिल्या. मुलगा बघत होता. त्याचं बघणं त्यांना गालावर कळत होतं. चष्मा चढवला, तेव्हा बाळाखालची दुलई दिसली. ठिगळांची. एका कोपऱ्यात पडद्याची तीच फुलं.

"दुलई आपल्या घरातली. तिच्यावर एकच बाळ लोळलंय," त्या म्हणाल्या आणि मुलाकडे वळल्या. "मोठं झाल्यावर आईची परीक्षा घेणारं."

मुलाचे कान लाल झाले. बहिणीने त्याच्या पाठीत धपाटा घातला. "काय रे, उगाच माझा जीव टांगणीला लावलास. हिला सगळं आठवतंय."

मुलगाही सैल झाला. हसत त्याने डब्याच्या तळातून आणखी एक फोटो काढला. "आता हा शेवटचा. हा तर अगदी सोपा."

सोपा म्हटल्यावर बाईंनी चष्मा पुन्हा पुसला.

कारखान्याच्या दारात एक माणूस उभा होता. अंगभर एकसंध गणवेश, छातीवर कंपनीचा बिल्ला. बाईंनी कॉलर पाहिली, खिसे पाहिले, बाहीचा मुंढा पाहिला. सगळी टीप कारखान्याची. कुठेच आपला हात नाही. माणूस मात्र सरळ त्यांच्याकडे बघून हसत होता, जुनी ओळख असल्यासारखा.

काहीतरी बोलायला हवं होतं.

"कोणी मेकॅनिक दिसतोय," त्या म्हणाल्या. "भला वाटतो. आपल्याकडे काही दुरुस्तीला आला होता का?"

नातीचं हसू अर्ध्यावर थांबलं. बहिणीने हातातला फोटो खाली ठेवला. बाईंनी मुलाकडे पाहिलं. तो घाबरला होता. त्याच्या अंगात बाजारातून आणलेला तयार टीशर्ट होता, आणि आज सकाळी ह्याच टीशर्टाने दार उघडलं तेव्हा क्षणभर त्यांना वाटलं होतं, हा कोण परका आपल्या घरात? हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

"आई," मुलगा म्हणाला, "बाबा आहेत ते."

मग सगळं आलं. त्यांचं घोरणं आलं, चहा बशीत ओतून फुंकर मारणं आलं, भांडण झालं की स्वतःशीच शीळ घालणं आलं. पण ते त्या चेहऱ्यावर बसेना. दुसऱ्याच्या मापाचा कोट चढवावा तसं सगळं खांद्यावरून घसरत होतं. बाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला.

"हे वरून दुसरं बटण," त्या म्हणाल्या. "मोठं आहे बाकीच्यांपेक्षा. कंपनीचं तुटलं आणि घरात हेच होतं. लोक हसतात म्हणायचे, पण काढलं नाही कधी." त्यांनी बटणावर बोट ठेवलं. "बटण मी लावलेलं. म्हणजे माणूस माझाच असणार."

बाईंनी गळ्यातली दोरी काढून किल्ली टेबलावर ठेवली.

"घे. पण सांगून ठेवते. मी तुम्हाला कपड्यांवरून ओळखते. दुकान गेलं की तुमच्या अंगावर माझं काही उरणार नाही. मग एक दिवस तू समोर येशील आणि मी विचारीन, कोण हवंय आपल्याला? आज सकाळी विचारणारच होते."

मुलाने किल्लीला हात लावला नाही. लावला तो धाकटीने.

"उघडणं, बंद करणं आणि इस्त्री माझ्याकडे. मशीन तुझं. मला तरी घरी कोण विचारतंय."

"काजं करता येतात तुला?"

"नाही."

"मग बटणं लावायची आणि गप्प बसायचं."

मुलगा उठला आणि आईसमोर येऊन पाठमोरा उभा राहिला. "माझं माप घे. शर्ट शिव. घरात तोच घालीन."

"रोज एकच?" नातीने नाक मुरडलं.

"दोन शिवेल. दुसरं बटण मोठं लाव, आई."

"लोक हसतील."

"हसू देत."

बाईंनी टेप घेतला. ह्या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत धरला, आकडा पाहिला, टेप खाली घेतला आणि बहिणीला सांगायला वळल्या. तेवढ्यात आकडा गेला. त्यांनी टेप पुन्हा खांद्यावर ठेवला.

मुलगा समोरच्या भिंतीकडे बघत ताठ उभा होता. त्यांनी तिसऱ्यांदा टेप धरला, तेव्हाही तो हलला नाही.