अंबादासांनी निवडलेलं शेवाळ

बोरिवलीच्या अंबादास परबांचे हात पालेभाजी दिसली की शिवशिवत. उभा जन्म पोस्टात टपालाची वर्गवारी करण्यात गेला. बायको गेल्यावर स्वयंपाकघर ताब्यात आलं आणि तिथेही तोच उद्योग सुरू झाला. मेथीची जुडी त्यांच्यापुढे पडली की एकही पिवळं पान जिवंत सुटायचं नाही.

त्यांची मुलगी रेवती समुद्री शेवाळांवर पीएचडी करत होती. त्या शनिवारी ती अमावास्येची मोठी ओहोटी साधून वांद्र्याच्या खडकांवरून तांबूस, बारीक फांद्यांचं शेवाळ घेऊन आली. "खातात हे. चायना ग्रास असल्याच शेवाळापासून करतात," एवढं सांगून, डबा ओट्यावर ठेवून ती आंघोळीला गेली. झालं. ती बाहेर येईपर्यंत अंबादासांनी शेवाळ नळाखाली धुऊन, निवडून चाळणीत निथळत ठेवलं होतं. खालच्या ताटात गुलाबी पाणी साचलं होतं.

"बाबा, पुटकुळ्या असलेल्या काड्या कुठेयत?"

"किडक्या काड्यो त्यो गो. काढून टाकलंय."

रेवतीने चाळणीतलं शेवाळ भराभर वरखाली करून पाहिलं. या शेवाळाच्या जाती नुसत्या डोळ्यांना सारख्याच दिसतात. पुटकुळी कापून आत पाहिल्याशिवाय कुठली कोण ते ठरत नाही. आणि पुढच्या मोठ्या ओहोटीच्या आत तिला प्रबंध द्यायचा होता. "वाट लागली," एवढंच ती म्हणाली. ती ओरडली असती तर अंबादासांना बरं वाटलं असतं.

ते खाली गेले आणि सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या पिंपात त्यांनी कोपरापर्यंत हात घातला. येणारे-जाणारे बघत होते; बघेनात का. चहाच्या चोथ्याखाली, कागदात गुंडाळलेल्या काड्या सापडल्या.

रेवती ब्लेडने एकेक पुटकुळी कापून घरी आणलेल्या मायक्रोस्कोपखाली धरत होती. नळाच्या गोड्या पाण्याने बहुतेकींची वाट लावली होती. ती एकेक काच बाजूला सारी आणि अंबादास पुढची काडी तिच्यापुढे सरकवत. मग एका काचेवर ती थांबली. "ही शाबूत आहे," ती म्हणाली. "जात पटली. बघ तू."

अंबादासांनी डोळा लावला. आत एक घुमट होता, वर इवलंसं तोंड, आणि पोटात तांबूस मण्यांची दाटी.

"आतला गोळा म्हणजे या काडीचं लेकरू," रेवती सांगू लागली. "आईच्याच अंगावर राहतं, तिच्यावरच पोसतं. त्याचे मणी समुद्रात सुटतात, त्यांतून निराळीच पिढी उगवते. मग तिच्यापासून पुन्हा अशी आई."

"झाडच मा ह्या?"

"झाडांच्या गोतातलं, पण लांबचं. हिरवं शेवाळ त्यांना जवळचं. तपकिरी तर झाडांचं कुणीच लागत नाही. आपण सगळ्यांना शेवाळ म्हणून मोकळे होतो."

अंबादासांनी पुन्हा डोळा लावला. मोहरीएवढ्या पुटकुळीत एवढा संसार, आणि जन्मभर किनाऱ्यावर जाऊन आपण त्यावरून घसरू नये एवढंच पाहिलं.

"लेकुरवाळ्यो तेवढ्यो वेचून फेकलंय गो मी," ते हळूच म्हणाले.

"मिळाली ना आता. सरक, मला मोजमाप घ्यायचंय."

अंबादास सरकले नाहीत. "थांब गो जरा," म्हणाले, आणि श्वासाने भिंग धुरकट होऊ नये म्हणून तोंडावर हात धरून पाहत राहिले.