पारेकाकांची उंची

तापमापीच्या पेटीचं दार उघडण्याआधी पारेकाका श्वास रोखून धरायचे. रोज सकाळी साडेआठला, भूगोल विभागाच्या गच्चीवर. तापमापी अगदी नाकासमोर. उच्छ्वासाची ऊब लागली की पारा फसतो, असं त्यांचं म्हणणं. आधी दशांश वाचायचा, मग पूर्ण अंश, कारण पळायची घाई दशांशालाच असते. मग दार लावायचं, श्वास सोडायचा आणि खिशातल्या वहीत आकडा टिपायचा. सुट्टीच्या दिवशीही यात खंड नसे. काकू म्हणायच्या, "माझी सवत गच्चीवर राहते. पांढरी आहे आणि तिला झडपा आहेत."

हुद्द्यानं ते प्रयोगशाळेचे परिचर. नकाशांचे लांबरुंद खण, दगडांच्या नमुन्यांचे ट्रे, हवाई छायाचित्रांची पाकिटं, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. पण नाव पाऱ्यावरून पडलं ते पडलंच. नवे विद्यार्थी ते आडनावच समजायचे.

त्यांच्या निवृत्तीला महिना उरला होता. त्यानंतर गच्चीवर आपोआप नोंद करणारं यंत्र बसणार होतं आणि जुनी पेटी उतरणार होती. त्याच सुमारास संशोधन करणारी एक विद्यार्थिनी संगणकावर काढलेला आलेख घेऊन त्यांच्याकडे आली. त्यांच्या एकतीस वर्षांच्या नोंदी तिनं वर्षभर बसून उतरवून घेतल्या होत्या.

"काका, हे बघा. पहिली दोन वर्षं रेषा खाली आहे आणि तिसऱ्या वर्षी एकदम वर. जवळजवळ अर्धा अंश! मागचा तलाव त्याच वर्षी बुजवला ना? माझं अख्खं प्रकरण यावर उभं आहे."

काकांनी चष्मा लावला. रेषेच्या पायरीवर बोट ठेवलं.

"ताई," ते म्हणाले, "हा तलाव नाही. हे स्टूल आहे."

तिला वाटलं, काका थट्टा करताहेत. पण त्यांचा चेहरा थट्टेचा नव्हता. कठड्यावरचा वारा लागावा म्हणून पेटी उंच चौथऱ्यावर बसवलेली, आणि काका बुटके. पहिली दोन वर्षं ते टाचा उंचावून, मान वर करून वाचत. खालून पाहिलं की पारा आहे त्याहून कमी दिसतो. डोळा आणि पारा एका रेषेत हवेत, हे तेव्हाच्या प्रमुखांनी एकदा गच्चीवर येऊन दाखवलं आणि सुताराकडून स्टूल करून दिलं.

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"कळलं होतं. पण आधीच्या आकड्यांचं काय करायचं, हे कुणी विचारलं नाही. मीही तोंड उघडलं नाही. नवी नोकरी होती हो."

गोष्ट विभागप्रमुख बाईंपर्यंत गेली. त्या म्हणाल्या, "ती दोन वर्षं गाळून टाका."

"सातशे तीस दिवस?" काका दारातूनच म्हणाले. "बाई, मी वाचायला चुकलो. पण रोज वर गेलो होतो ना. किती चुकलो ते मोजता येईल. महिनाभर रोज दोनदा वाचतो, एकदा जमिनीवरून, तसाच टाचा उंचावून, आणि लगेच स्टुलावरून. पण हे याच महिन्यात व्हायला हवं. माझ्याएवढा दुसरा माणूस आणणार कुठून?"

कार्यालयातल्या कारकुनानं सेवापुस्तक काढून खणखणीत आवाजात वाचलं, "उंची पाच फूट एक इंच. ओळखखूण, हनुवटीवर तीळ." मग भिंतीशी उभं करून काकांना मोजलं. "तीळ जागेवर आहे, काका. उंची मात्र अर्धा इंच कुठं सांडलीत?"

"चपलांची जात तीच आहे," काका हसून म्हणाले, "माणूसच झिजलाय."

तो अर्धा इंच भरून काढायला नकाशाच्या खोलीतले टाकाऊ पुठ्ठे घेतले. जन्मभर ज्या नकाशांवरची धूळ झटकली, त्यांच्या पुठ्ठ्यावर पाय ठेवताना काका पहिल्या दिवशी थोडे अडखळले. मग रोजचं सुरू झालं. खालचा आकडा ते दार लावून मोठ्यानं सांगत, विद्यार्थिनी लिहून घेई. मग स्टुलावर चढून खरा. ढगाळ दिवशी, कडक उन्हात, एकदा ताप अंगात असतानासुद्धा.

सव्विसाव्या दिवशी तिनं सरासरी काढली. चार दशांश. ते मिळवल्यावर पायरी जवळपास पुसली गेली. एकतीस वर्षांत सावकाश चढत गेलेली रेषा तेवढी उरली. तलावाच्या वाट्याला बोटावर मोजण्याइतकंही काही आलं नाही. तिनं एक दुपार वाचनालयात डोकं टेकून काढली आणि प्रबंध सहा महिने पुढं ढकलला.

दुसऱ्या दिवशी काका तिच्या तोंडाकडे बघायला धजत नव्हते. "घर पाडलं ना मी तुमचं?"

"एक भिंत पडली, काका. ओल धरलेलीच होती."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी काकांनी पहिली नोंदवही टेबलावर आणली आणि तिला लिहायला सांगितलं, कारण तिचं अक्षर सुवाच्य. ते सांगत गेले: "पहिल्या दोन वर्षांतले सकाळचे आकडे खालून वाचलेले आहेत. प्रत्येकात चार दशांश मिळवावेत. चूक वाचणाऱ्याची, तापमापीची नाही."

"शेवटचं वाक्य गाळलं तरी चालेल," विभागप्रमुख बाई मागून हळूच म्हणाल्या.

"असू द्या, बाई. पुढच्या माणसानं उगाच तापमापीवर संशय घ्यायला नको."

त्यांनी खाली सही केली, तारीख घातली, पेन खिशाला लावलं. मग पिशवी उचलून ते दारापर्यंत पोचले. विद्यार्थिनी वही मिटू लागली, तसे ते वळले.

"थांबा ताई, शाई वाळू द्या. समोरच्या पानावर डाग पडेल."