बारावा फोटो

हेवा मी बऱ्याच जणांचा केला. साहेबांचा केला, मोटारसायकल घेतलेल्या मेहुण्याचा केला. पण सगळ्यांत जास्त जळलो ते माझ्या बायकोवर, आणि तेही एका शेळीच्या फोटोपायी.

बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. माझी नोकरी फिरतीची होती, आज बार्शी तर उद्या अक्कलकोट. गळ्यात डब्याचा कॅमेरा असायचा. एका रोलवर बारा फोटो निघत. दिसेल ते जनावर मी टिपायचो: बाजारात पोत्यांवर बसलेली माकडं, नांगरामागून चालणारे बगळे, एसटीच्या खिडकीतून काळवीट. ऑफिसात मला ‘शिकारी’ म्हणत आणि मला ते आवडायचं. फोटो धुऊन आले की काळविटाच्या जागी ठिपका असायचा. तो ठिपका म्हणजेच काळवीट, हे मला बोट ठेवून सांगावं लागे.

माझी बायको करकंब गावची, गुराढोरांत वाढलेली. माझे फोटो बघून एकदा म्हणाली, "तुमी लई घाई करता वो. जनावराला आदी आपल्याला बघू द्यावं की." कॅमेरा कधी हातात न धरलेल्या बाईने मला शिकवावं, याचा मला राग आला. दोन दिवस मी तिला फोटो दाखवले नाहीत.

मग एकदा माळावर आमची एसटी पंक्चर झाली आणि काळवीट चक्क रस्त्याकडेला उभं राहिलं. मी पाच फोटो काढले. घरी आलो तेव्हा रोलमध्ये एकच उरला होता. रोल संपल्याशिवाय धुवायला देता येईना, आणि मला तर कधी एकदा ते काळवीट बघतो असं झालेलं. सकाळी दाढी करता करता मी हिला म्हणालो, "एक उरलाय. काढ कशाचाही, रोल संपू दे."

पदराला हात पुसून ती कॅमेरा घेऊन बाहेर गेली. शेजारी तेलुगू विणकराचं घर होतं, त्याचा माग खिडकीलगत. बराच वेळ झाला तरी ती येईना, म्हणून मी तोंडाला साबण तसाच घेऊन बाहेर आलो. "अगं, झालं का?" तिने मान वर न करता हातानेच मला गप्प केलं. मग एकदाच खट् असा आवाज झाला.

स्टुडिओवाल्या चाचांनी माझे अकरा फोटो बाजूला सारले. पाचही काळविटं हललेली होती. बारावा मात्र ते उजेडात धरून बघत राहिले. शेळीने पुढचे पाय खिडकीत टेकवले होते, आत विणकर माग थांबवून तिच्याकडे बघत होता, आणि दोघांचं काही घरगुती बोलणं चालू असावं असं वाटत होतं.

"साब, ये बकरी का फोटू कौन निकाले?"

माझ्या पोटात दुखायला लागलं होतं. गावोगाव धूळ खात फिरलो मी, आणि हिने दारात उभं राहून हे काढलं.

"मैंच," मी म्हणालो.

चाचांनी तो मोठा करून दुकानाच्या काचेत लावला. ऑफिसातली माणसं वाट वाकडी करून बघून आली. साहेबांनी पाठ थोपटली. मी हसत होतो आणि आतून जळत होतो, कारण प्रत्येक शाबासकी तिची होती.

पंधरा दिवसांनी आम्ही दोघं बाजारात गेलो. मी घाईने पुढे निघालो, पण ती काचेसमोर थांबलीच. चाचा बाहेर आले. "भाभी, साब का हात भौत अच्छा है." तिने माझ्याकडे पाहिलं, पदर नीट केला आणि म्हणाली, "व्हय, लई चांगला हाय."

घरी येईपर्यंत ती भाजीबद्दलच बोलत होती. पुढच्या रोलला मी मुद्दाम एक फोटो शिल्लक ठेवला आणि कॅमेरा तिच्यापुढे धरला. ती भाकरी थापत होती. "तुमचं तुमीच संपवा," म्हणाली.

तो फोटो आजही आमच्या बैठकीत आहे. कुणी विचारलं की मी आता सरळ सांगतो, हा हिने काढलाय. आतून तिचा आवाज येतो, "न्हाय वो, मला कुटं येतंय फोटू काढायला!" पाहुणे हसतात आणि मला म्हणतात, बायकोचं किती कौतुक करता हो तुम्ही.