राउसूच्या गीझरपाशी

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे मी. नव्या फ्लॅटची वास्तुशांत करायची की नाही यावरून सासूबाईंशी अबोला धरलेली बाई आहे. इथे लोकांनी लिहिलेले गूढ अनुभव वाचतानाही मनात कारणं शोधत असते... धुकं असेल, झोप झाली नसेल. पण माझ्याच एका अनुभवाला इतक्या वर्षांत एकही कारण चिकटलेलं नाही. आणि खरं सांगू? मला त्याची भीती कमी वाटते, वैताग जास्त येतो.

नव्वदच्या दशकाचा मध्य. सुधीरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्याच्या ट्रेडिंग कंपनीने जपानला पाठवलं होतं. आम्ही योकोहामाला राहायचो. त्या उन्हाळ्यात सासूबाई डोंबिवलीहून आल्या होत्या. ऑगस्टमध्ये तिथली ऑफिसं आठवडाभर बंद असतात, तेव्हा सुधीरने बेत ठरवला – विमानाने होक्काइदो, तिथे भाड्याची गाडी आणि शिरेतोकोचं नॅशनल पार्क. हरणं, कोल्हे, अस्वलं, शिवाय राउसू गावाजवळचा गीझर.

“गिझर?” आई म्हणाल्या. “तो आपल्या बाथरूममध्ये आहे की रे. तो बघायला विमानाने जायचं?”

“आई, हा जमिनीतून उडतो. उकळत्या पाण्याचा फवारा. तासाभराने एकदा.”

“आणि उरलेला वेळ?”

“उरलेला वेळ वाट बघायची!”

सुधीरने तिथे पोचल्या पोचल्या एक घंटा विकत घेतली. सॅकला बांधायची, म्हणजे आवाजाने अस्वलं लांब राहतात म्हणे. ती त्याने गाडीतसुद्धा सोडली नाही. सॅक माझ्या शेजारी, घाटाच्या दर वळणावर खुळखुळ, खुळखुळ. बाहेर धुकं, माझ्या मांडीवर जपानी नकाशा, पुढच्या सीटवर आई “हळू रे, हळू” करतायत. राउसूला उतरेपर्यंत आम्ही तिघं एकमेकांवर सारखेच वैतागलो होतो.

गाडी लावली आणि झाडीतून थोडं चालत गेलो. एकच पायवाट, कुठे फाटा नाही. शेवटी छोटीशी मोकळी जागा. दोरीपलीकडे दगडांत वाफाळणारं भोक, अलीकडे एक लाकडी बाक. धुकं वर घाटातच राहिलं होतं, इथे लख्ख ऊन.

दगड ओलेचिंब. म्हणजे फवारा नुकताच उडून गेला होता.

“वा!” मी म्हटलं. “बसा आता तासभर.”

“बरं झालं, कॅमेरा गाडीत राहिलाय,” सुधीर म्हणाला. “आलोच.” आणि खुळखुळत गेला.

आम्ही दोघी बाकावर बसलो. आईंच्या मांडीवर दुधाच्या चहाचा थर्मास. मी मागितला तर म्हणाल्या, “तो येऊ दे, मग तिघं घेऊ.” वाट बघतोय... पत्ता नाही. मग घंटा ऐकू आली. जवळ, अजून जवळ, अगदी बाकापाशी.

“आला बघ,” आई म्हणाल्या.

मी वळून पाहिलं. कोणी नव्हतं. आणि आवाज थांबला – कोणीतरी सॅक खाली ठेवावी तसा.

“वारा असेल,” मी म्हटलं. पानसुद्धा हलत नव्हतं.

तेवढ्यात फवारा उडाला. उंच, पांढराशुभ्र, फुसफुसत. आई लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवत होत्या आणि मी चरफडत होते... ज्याच्या हौसेपायी इथवर आलो, तोच गायब!

मग मात्र मी उठले. गाडीपर्यंत जाऊन आले. गाडी बंद, कॅमेरा जागेवर नाही, सुधीर नाही. वाटेत कोणी भेटलं नाही. जवळच्या माहिती केंद्रात माझ्या मोडक्या जपानीत सांगितलं. तिथला माणूस एकदम गंभीर झाला. सकाळीच ओढ्यापाशी अस्वल दिसलं होतं. तो शिट्टी घेऊन माझ्याबरोबर आला. बाकावर आई एकट्याच, ओठांत रामरक्षा चाललेली. आम्ही तिघांनी हाका मारल्या. माझा आवाज फाटला. तोवरचा सगळा राग कुठल्या कुठे गेला होता. नको नको ते डोळ्यांसमोर येत होतं.

“आधी आईंना गाडीत बसवा, मी फोन करतो,” तो माणूस म्हणाला. आम्ही वळलो, थोडे चाललो, आणि मागून खुळखुळ! सुधीर. आम्ही नुकतीच सोडली त्या मोकळ्या जागेतून येत होता. गळ्यात कॅमेरा, डोळे लाल.

“होतात कुठे तुम्ही दोघी?” तो ओरडला.

“आम्ही? तू कुठे होतास?”

“त्या बाकावर! कॅमेरा घेऊन आलो तर दोघी गायब. हाका मारून मारून घसा बसला माझा. फवारासुद्धा एकट्याने पाहिला.”

“खोटं बोलू नकोस सुधीर. आम्ही तिथून हललो नाही!”

“मेधा, मी रडलो गं तिथे बसून! निदान थर्मास ठेवून गेला होतात. चहा पिऊन जरा धीर आला.”

आईंनी थर्मास छातीशी धरला होता. त्यांनी झाकण फिरवलं आणि तो उलटा केला. एक थेंब पडला.

“मी तर उघडलासुद्धा नाही रे,” त्या म्हणाल्या.

माहिती केंद्रातला माणूस आमच्या तोंडांकडे बघत राहिला. मग “सापडले ते बरं झालं” म्हणून वाकला आणि भराभर निघून गेला. मला वाटतं, परदेशी बायको नवऱ्याशी भांडतेय एवढंच त्याला कळलं असेल.

योकोहामाला आल्यावर रोल धुऊन आणला. सुधीरने काढलेला फोटो आहे, फवाऱ्याचा. चौकटभर पांढरी वाफ. त्यात काय दिसणार, डोंबल! आई आता नाहीत. सुधीर अजूनही पाहुण्यांना सांगतो की आम्ही दोघी त्याला सोडून कुठेतरी गेलो होतो, आणि मी अजूनही भर पंगतीत त्याला खोडून काढते. एकाच बाकावर बसून आम्ही एकमेकांना हाका मारत होतो, असं म्हणावं तर दोघांनाही ते पटत नाही. दुसरं काही सुचतही नाही.

एक राहिलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी सुधीर म्हणाला, तिथे दोन बाकं असणार, बघून येऊ. गेलो. बाक एकच. आई मध्ये बसल्या, आम्ही दोन बाजूंना, खांद्याला खांदा लावून. गीझर केव्हातरी उडाला. तोंडावर कोमट तुषार आले, म्हणून कळलं. मी सुधीरकडे बघत होते, सुधीर माझ्याकडे, आणि आईंनी आमच्या दोघांची मनगटं घट्ट धरून ठेवली होती.